चाहतीच्या संकेतस्थळावर ‘मी’ लिहावे की ‘आम्ही’?

करिअर मार्गदर्शन

पत्राचा सारांश : मी इंदूरच्या रामबाग भागात राहते आणि बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. माझे आजोबा होळकर या इंदूरच्या जुन्या क्रिकेट संघाचे सामने पाहत मोठे झाले. त्यांच्या आठवणी ऐकता ऐकता मी होळकर संघ आणि त्याचे खेळाडू कर्नल सी. के. नायुडू व मुश्ताक अली यांच्याविषयी मराठीत एक छोटे संकेतस्थळ तयार केले. ते मी एकटीच सांभाळते. सुरुवातीला सगळे ‘मी’ असे लिहिले होते. काका म्हणाले की ‘आम्ही’ लिहिल्याने वजन येते, म्हणून ते बदलले. महाविद्यालयातील एका प्राध्यापकांनी मात्र ‘मी’ आणि ‘आम्ही’ दोन्ही खोडले आणि लेखकाने मध्ये येऊ नये असे सांगितले. मला क्रीडालेखनात करिअर करायचे आहे. यांपैकी कोणाचे ऐकावे, आणि असे संकेतस्थळ नोकरीच्या अर्जासोबत दाखवावे का?

उत्तर :

तुमच्या पत्रासोबतची सहाही पाने मी वाचली. त्यांतील श्रम दिसतात. होळकर संघाने रणजी करंडक चार वेळा जिंकला, त्याचे हंगाम (१९४५-४६, १९४७-४८, १९५०-५१ आणि १९५२-५३) तुम्ही अचूक दिले आहेत, आणि १९४६-४७ च्या अंतिम सामन्यात बडोद्याच्या विजय हजारे व गुल महंमद यांनी होळकर संघाविरुद्ध केलेली ५७७ धावांची भागीदारीही वगळलेली नाही. आपल्या आवडत्या संघाचा पराभव इतक्या नीट नोंदवणे चाहत्याला सोपे नसते, म्हणून तुमच्या प्रश्नाचे उत्तर थोडे सविस्तर देत आहे.

प्रथम काकांच्या सल्ल्याविषयी. मराठीत ‘आम्ही’ला वजन आहे हे खरे आहे, अग्रलेखात संपादक ‘आम्ही’ लिहितो, कारण तो संपूर्ण वृत्तपत्राच्या वतीने बोलत असतो. तुमच्या संकेतस्थळामागे मात्र तुम्ही एकट्याच आहात. तेथे ‘आमच्या संग्रहानुसार’, ‘आम्ही ठामपणे सांगतो’ असे वाचल्यावर वाचकाला एखादी संस्था, क्रिकेट संघटनेचा एखादा विभाग किंवा खेळाडूंचे कुटुंबीय यामागे आहेत असे वाटू शकते. चाहत्याच्या संकेतस्थळाबाबत हा गैरसमज सर्वांत आधी टाळायला हवा. ‘हे अधिकृत संकेतस्थळ नाही, हे मी एकटीने, आवडीने चालवलेले आहे’ हे वाक्य पहिल्याच पानावर असावे, आणि त्यानंतरच्या प्रत्येक पानावरील ‘मी’ त्या वाक्याशी जुळावा.

हे केवळ सौजन्याचे नाही, करिअरच्या दृष्टीनेही महत्त्वाचे आहे. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे आलेल्या एका विद्यार्थ्याने आपल्या लेखांत सर्वत्र ‘आमच्या चमूने’ असे लिहिले होते. मुलाखतीत त्याला विचारण्यात आले की चमूत किती जण होते आणि त्यात तुमचे काम कोणते. सर्व काम त्याने एकट्याने केले होते, तरी ते सांगताना तो असा गडबडला की ऐकणाऱ्यांना त्याच्या खऱ्या कामाविषयीही शंका आली. ज्या श्रमाचे श्रेय पूर्णपणे त्याचे होते, ते त्याच्याच शब्दांनी त्याच्यापासून दूर नेले.

आता प्राध्यापकांच्या सूचनेकडे वळतो. ती चुकीची नाही. ती वेगळ्या प्रकारच्या लेखनासाठी आहे. सामन्याची बातमी, शोधनिबंध, विश्वकोशातील नोंद यांत लेखक मागे राहतो, कारण तेथे वाचकाला घटना हवी असते. चाहत्याच्या संकेतस्थळावर वाचक दोन गोष्टींसाठी येतो: माहितीसाठी, आणि ती माहिती जपणाऱ्या माणसाच्या जिव्हाळ्यासाठी. प्राध्यापकांनी ‘मी’ खोडल्यावर काय झाले ते तुमच्याच पानावर पाहा. ‘होळकर स्टेडियमवर ८ डिसेंबर २०११ चा सामना पाहिला. सेहवागने २१९ धावा केल्या.’ सामना कोणी पाहिला? मराठीत ‘पाहिला’ हे क्रियापद सामन्याप्रमाणे चालते, पाहणाऱ्याप्रमाणे नाही. त्यामुळे ‘मी’ काढला की वाक्यातून माणूसच नाहीसा होतो.

मूळ मसुद्यातील तुमचे वाक्य असे होते: ‘मी तेव्हा सहा वर्षांची होते आणि बाबांच्या खांद्यावर बसले होते, मला एकही फटका आठवत नाही, फक्त आवाज आठवतो.’ हे वाक्य कृपया परत घ्या. सेहवागच्या २१९ धावा कोणत्याही धावफलकावर मिळतात. सहा वर्षांच्या मुलीला फटके आठवत नाहीत आणि आवाज आठवतो, हे फक्त तुम्हीच सांगू शकता; शिवाय आठवत नाही ते आठवत नाही असे लिहिल्यामुळे, जे आठवते त्यावर वाचकाचा विश्वास बसतो.

म्हणजे सर्वत्र ‘मी’ लिहावे असे मी म्हणत नाही. १ डिसेंबर १९२६ रोजी मुंबईच्या जिमखाना मैदानावर नायुडूंनी इंग्लंडहून आलेल्या एम.सी.सी. संघाविरुद्ध १५३ धावा केल्या आणि त्यात ११ षटकार मारले, या वाक्यात तुमची गरज नाही. तेथे तुम्ही ‘मला वाटते की ही खेळी फार मोठी होती’ असे जोडले आहे, ते काढून टाका. ११ षटकार स्वतःच बोलतात. ‘मला वाटते’, ‘माझ्या मते’, ‘मला असे सांगावेसे वाटते’ हे शब्द तुमच्या सहा पानांत सतरा वेळा आले आहेत, आणि त्यांपैकी बहुतेक ठिकाणी ते वाक्य दुबळे करतात. जेथे तुम्ही साक्षीदार आहात, जेथे तुम्ही निवड करता, किंवा जेथे तुमचे मत नोंदीपेक्षा वेगळे आहे, तेथेच ‘मी’ हवा.

आजोबांच्या आठवणींचा प्रश्न यापेक्षा नाजूक आहे. तुमच्या पानावर लिहिले आहे की भारताबाहेर कसोटी शतक करणारे पहिले भारतीय मुश्ताक अली होते, आणि ते शतक लॉर्ड्सवर झाले. पहिला भाग खरा आहे. शतक मात्र १९३६ मध्ये मँचेस्टरच्या ओल्ड ट्रॅफर्डवर झाले. मुश्ताक अलींच्या ११२ धावा होत्या, विजय मर्चंट यांच्या ११४, आणि दोघांची सलामीची भागीदारी २०३ धावांची. लॉर्ड्स हे आजोबांच्या आठवणीतून आलेले आहे आणि ‘आम्ही ठामपणे सांगतो’ या वाक्यात ते झाकले गेले. तेथे ‘आजोबा लॉर्ड्स म्हणतात, पण धावफलकात मला ओल्ड ट्रॅफर्ड सापडले’ असे लिहिले असते, तर आजोबांचा मान राहिला असता, नोंदही बरोबर झाली असती, आणि शोध घेणारी मुलगी वाचकाला दिसली असती. पाहिलेले, ऐकलेले आणि तपासलेले या तिन्हींतला फरक वाक्यातच दाखवता येणे हे पत्रकाराचे मूलभूत कौशल्य आहे, आणि प्रथमपुरुषी लेखन ते शिकण्याची उत्तम जागा आहे.

एक पान मात्र पूर्णपणे काढून टाकावे, असे मी आग्रहाने सांगतो. ‘मी सी. के. नायुडू बोलतो आहे’ हे ते पान. शाळेत आपण सर्वांनी ‘मी नदी बोलते आहे’, ‘फाटक्या पुस्तकाचे मनोगत’ असे निबंध लिहिले आहेत आणि ती सवय मनात राहते. नदीने काय म्हटले याबद्दल कोणी हरकत घेणार नाही. नायुडू हे १४ नोव्हेंबर १९६७ रोजी याच शहरात निधन पावलेले, १९३२ साली भारताच्या पहिल्या कसोटीत नेतृत्व केलेले खरे गृहस्थ आहेत. त्यांच्या तोंडी तुम्ही घातलेली वाक्ये उद्या कोणीतरी अवतरण म्हणून उचलेल, आणि ते उद्गार त्यांचे नव्हते हे सिद्ध करणे कठीण जाईल. त्याऐवजी तुमच्या बाजूने बोला: यशवंत क्लबच्या मैदानाजवळून जाताना तुम्हाला त्यांची आठवण का होते ते लिहा.

आणखी एक गोष्ट तुम्ही पत्रात विचारलेली नाही, पण ती मला जाणवली. तुमच्या सहा पानांत, ‘आम्ही’ आल्यानंतर, लेखिका मुलगी आहे हे कोठेच कळत नाही. मराठीत ‘मी गेले’ म्हटले की स्त्री दिसते, ‘मी गेलो’ म्हटले की पुरुष, आणि ‘आम्ही गेलो’ म्हटले की दोघेही त्यात लपू शकतात. क्रिकेटवर लिहिणाऱ्या मुलीला कोणत्या प्रकारची उत्तरे येऊ शकतात याची कल्पना मला आहे, आणि तुम्ही त्या कारणाने ‘आम्ही’ स्वीकारले असेल तर त्यात दोष नाही. परंतु त्यासाठी अनेकवचनाची आवश्यकता नाही. ‘मी पाहिले’, ‘मी वाचले’, ‘मला सापडले’ या रचनांत लिंग उघड होत नाही. ‘मी गेले’, ‘मी बसले होते’ यांत होते. कोणती रचना कोठे वापरायची याचा निर्णय जाणीवपूर्वक घ्या. टोपणनाव घेतले तरी चालेल. घराचा पत्ता, महाविद्यालयाचे नाव, रोजच्या येण्याजाण्याच्या वेळा यांपैकी काहीही संकेतस्थळावर देऊ नका. ‘मी’ लिहिण्यासाठी या कशाचीही गरज पडत नाही. माझे मत विचाराल, तर ते असे की सेहवागच्या सामन्याचे वाक्य ‘बसले होते’ याच शब्दांत राहावे. तो निर्णय मात्र तुमचा आहे.

‘आपण’ या शब्दाबाबतही सावध राहावे. आपल्या इंदूरच्या हिंदीत ‘अपन’ इतका मोकळेपणाने येतो की मराठी लिहितानाही ‘आपण त्या वर्षी जिंकलो’ असे सहज निघते. ‘आम्ही’मध्ये वाचक बाहेर राहतो, ‘आपण’मध्ये तो आत येतो. एखाद्या भावनिक ठिकाणी ते शोभते, पण बडोद्यातील किंवा मुंबईतील वाचकाचा संघ त्याच अंतिम सामन्यात समोर उभा होता, हे लक्षात ठेवायला हवे.

छायाचित्रांविषयी थोडक्यात: धावा आणि तारखा यांवर कोणाचा स्वामित्वहक्क नसतो, छायाचित्रांवर असतो. भारतीय कायद्यानुसार छायाचित्राचा हक्क प्रसिद्धीनंतर साठ वर्षे टिकतो. तुम्ही लावलेली २०११ ची वृत्तसंस्थांची छायाचित्रे काढावीत. आजोबांच्या कपाटातील, त्यांनी स्वतः काढलेले छायाचित्र त्यांच्या परवानगीने वापरा आणि ते त्यांनी काढल्याचे खाली लिहा.

आता अर्जाचा प्रश्न. संकेतस्थळ दाखवावे, परंतु केवळ त्याचा दुवा देऊन थांबू नये, कारण निवड करणाऱ्याला सर्व पाने वाचायला वेळ नसतो. तीन नमुने जोडा. पहिला, सेहवागच्या सामन्याच्या आठवणीचा, प्रथमपुरुषी. दुसरा, त्याच सामन्याची तीनशे शब्दांची बातमी, ज्यात तुम्ही कोठेही नाही. प्राध्यापकांची सूचना येथे पूर्णपणे लागू आहे आणि त्यांनाच तो तपासायला द्यावा. दोन्ही शेजारी ठेवले की आवाज बदलण्याची तुमची क्षमता न सांगता दिसते. तिसरा नमुना आजोबांच्या मुलाखतीचा असावा, प्रश्न तुमचे आणि शब्द त्यांचे.

इंदूरमध्ये राहून काम करायचे असेल तर रोजगार मुख्यतः हिंदीत मिळेल, हे मी स्पष्ट सांगणे आवश्यक आहे. या शहरातील ‘नई दुनिया’मधून पुढे गेलेले आणि १९८३ मध्ये ‘जनसत्ता’चे संस्थापक संपादक झालेले प्रभाष जोशी क्रिकेटवर जीव ओतून लिहीत, हिंदीत या लेखनाला येथे परंपरा आहे. म्हणून तिन्ही नमुने हिंदीतही तयार करा, आणि भाषांतर न करता पुन्हा लिहा. पदवीनंतर देवी अहिल्या विश्वविद्यालयातील पत्रकारिता विभाग किंवा भोपाळचे माखनलाल चतुर्वेदी विद्यापीठ जवळचे आहे. मराठीतच राहायचे ठरल्यास पुण्याची रानडे इन्स्टिट्यूट आणि भारतीय जनसंचार संस्थेचे अमरावती केंद्र यांची माहिती घ्यावी.

सर्वांत आधी मात्र आजोबांची मुलाखत. ध्वनिमुद्रण करा, दिनांक नोंदवा, आणि लॉर्ड्सचा उल्लेख पुन्हा आला तरी त्यांना मध्येच थांबवू नका. दुरुस्ती नंतर, तुमच्या नावाने, खाली लिहिता येईल. त्यांचे वय लक्षात घेता हे काम परीक्षा संपेपर्यंत लांबवू नये.