एमएस्सी झालं, पण जाहिरातीत पीएचडी मागतात

तुझं पत्र वाचलं. बायोटेक्नॉलॉजीत एमएस्सी, पायथॉनचे ऑनलाइन कोर्स, जीनोमिक्सची (जनुकांच्या एकत्रित अभ्यासाची) ओढ, आणि जाहिरातींतलं ‘पीएचडी किंवा अनुभव’ वाचून आलेली निराशा. आता बायोइन्फर्मॅटिक्सचा, म्हणजे संगणकाने जैविक डेटाचं विश्लेषण करण्याचा, डिप्लोमा करू का, असं विचारतेस. माझं मत, नको. सर्टिफिकेटं पुरेशी आहेत, दाखवायला काम नाही.

ते काम घरबसल्या करता येतं. प्रसिद्ध झालेल्या कितीतरी शोधनिबंधांचा डेटा जीईओ आणि एसआरए या खुल्या साठ्यांत असतो. आरएनए-सीक्वेन्सिंगचा (कोणतं जनुक किती सक्रिय आहे हे मोजण्याच्या तंत्राचा), मोजके नमुने असलेला एक निबंध निवड. मशीनमधून आलेल्या कच्च्या फास्टक्यू फाइलींपासून त्यातल्या एका आकृतीपर्यंत स्वतः पोहोच. लिनक्स आणि ‘आर’ ही संख्याशास्त्राची संगणकभाषा त्या ओघात शिकशील. तुझी आकृती निबंधातल्या आकृतीशी हुबेहूब जुळायची नाही बहुधा. का जुळली नाही हे शोधून दोन पानांत लिही आणि कोडसकट गिटहब या कोड ठेवायच्या संकेतस्थळावर ठेव.

याचा उपयोग मुलाखतीत होतो. माणसात प्रथिनं बनवणारी जनुकं साधारण 20,000. रुग्ण आणि निरोगी लोकांत फरक आहे का, अशी प्रत्येकाची चाचणी 0.05 च्या मर्यादेने (फरक नसतानाही तो दिसण्याची 5% शक्यता चालवून घेऊन) घेतली, तर मुळात काहीच फरक नसतानाही हजारेक जनुकं ‘वेगळी’ दिसतील. मग काय करशील? किंवा, रुग्णांचे सगळे नमुने सोमवारी आणि निरोगी लोकांचे गुरुवारी मशीनवर लावले असतील, तर सापडलेला फरक आजाराचा की वाराचा? अशा प्रश्नांना निव्वळ कोडिंग जाणणारे अडखळतात. प्रयोगशाळेत हात घातलेल्या तुला ते लवकर उमगतील. (एक्सेल तर जनुकांच्या नावांच्या तारखा करून टाकायचं. त्यापायी 2020 मध्ये ‘मार्च1’सारखी नावंच बदलावी लागली!)

स्वतःचा संशोधन गट चालवायचा असेल तर पीएचडी आणि त्यानंतरच्या पोस्टडॉक संशोधनाला पर्याय नाही. पण रिसर्च असिस्टंट, ॲनालिस्ट, सीक्वेन्सिंग सुविधेतली पदं यांसाठी एमएस्सी अनेकदा चालते. बायोक्युरेटर हे पद सहसा कुणाच्या लक्षात येत नाही: निबंध वाचून जनुकांची, प्रथिनांची माहिती डेटाबेसमध्ये तपासून भरायची. वाचनाची आवड असेल तर जरूर बघ. ‘पीएचडी असल्यास प्राधान्य’ म्हणजे ‘आवश्यक’ नव्हे, तिथे बिनदिक्कत अर्ज कर. ज्यांचं काम आवडतं त्या संशोधकांना चार ओळींचा ईमेल आणि गिटहबची लिंकही पाठव.

पहिली नोकरी घेताना मात्र एक जपायचं. ज्या लॅबमध्ये बाकी सगळे प्रयोग करणारे आणि संगणकाचं काम बघणारी तू एकटीच, तिथे तुझं कोड तपासणारं कुणी नसतं. चुका कळत नाहीत, शिकणं थांबतं, आणि निबंधात तुझं नाव आभारांत जातं. म्हणून मुलाखतीतच विचार: प्रयोगाची आखणी होताना मला बोलावणार का, माझं विश्लेषण कोण तपासणार, आणि लेखकांच्या यादीत नाव कसं ठरतं? उत्तर देताना समोरचा चाचरला, तर हातात दुसरी ऑफर येईपर्यंत होकार कळवू नकोस.