दोघांची गाडी एकट्याच्या हातात

"ही उतरली की गाडी विकायचीच का?" माझ्याकडे सल्ल्याला आलेल्या गृहस्थांनी बायकोकडे बघत, बसल्या बसल्या पहिला प्रश्न हाच केला.

ओहायोतलं मराठी जोडपं, दोघंही पन्नाशीतले. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) सात वर्षं दोघांनी मिळून स्वतःचा स्ट्रेट ट्रक (केबिन आणि मालाचा डबा एकाच सांगाड्यावर असलेली गाडी) तातडीच्या मालवाहतुकीत चालवला. एखादा सुटा भाग नाही म्हणून कारखान्याची लाईन थांबायची वेळ आली, की तो आज उचलायचा आणि थेट नेऊन पोचवायचा. गाडीत दुसरा माल नाही, वाटेत चढउतार नाही. एक चालवणार, दुसरा मागे स्लीपरमध्ये जाळीचा पट्टा लावून झोपणार. आता बाईंच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया ठरली होती. केबिनच्या उंच पायऱ्या चढणं बंद. नवरा एकटा उरला की मिळकत निम्मी आणि हप्ता मात्र पूर्ण, असा त्यांचा हिशोब होता. जोडीतून एकट्यावर येणारा जवळजवळ प्रत्येक चालक हाच हिशोब मांडतो. तो चुकतो तो आकड्यांत नाही, धंदा कसा बदलतो हे न कळल्यामुळे.

अमेरिकेचा नियम असा: सलग १० तास विश्रांती झाली की कामावर आल्यापासून १४ तासांच्या आत ११ तास चालवता येतं. आठ तास चालवल्यावर अर्धा तास थांबायचं. आठ दिवसांत ७० तास कामाचे झाले की चालवणं बंद. आता लरेडो ते डेट्रॉईट घ्या, सुमारे १,६०० मैल. ताशी ५५ची सरासरी धरली तर चाकं २९ तास फिरायला हवीत. जोडी डिझेल-जेवणासकट ३२ तासांत पोचते. एकट्याचे ११ चालवणं, १० विश्रांती, पुन्हा ११, पुन्हा १० आणि शेवटचे ७, असे ४९ तास होतात. अर्ध्या तासाच्या सुट्ट्या आणि डिझेल वेगळंच. त्यामुळे असा लोड एकट्याला मिळतच नाही. त्याचं काम ५०० मैलांच्या आतलं: कोलंबस ते शिकागो, डेट्रॉईट ते सिनसिनाटी. लांबचे लोड गेले म्हणून हळहळ वाटणारच, पण त्यांच्यामागे धावू नये.

मग बाईंनी पिशवीतून वही काढली. सात वर्षांचा प्रत्येक लोड तिच्यात उतरवलेला होता. भरलेल्या मैलाला १ डॉलर ९० सेंट आणि शंभरातले तीस मैल रिकामे, म्हणजे फिरलेल्या प्रत्येक मैलामागे १.३३ डॉलर. गॅलनला ९ मैल आणि ३.८० डॉलरचा भाव धरून डिझेलचे ४२ सेंट गेले, टायर-तेल-दुरुस्तीचे १५. उरले ७६ सेंट. हप्ता, विमा आणि घरखर्च मिळून महिन्याला ६,२०० डॉलर. भागाकार केला: ८,१६० मैल, आठवड्याला साधारण १,९००. म्हणजे सरासरी ३३० मैलांचे चार लोड आणि मधले रिकामे मैल. जमण्यासारखं आहे, पण यात कर धरलेला नाही. दोघं भागीदार म्हणून कर भरत होते. बाईंच्या प्रवासाच्या दिवसांची खाण्याची वजावट (दिवसाला ८० डॉलर, त्यातले ८० टक्के) आता जाणार होती, ती दोघांच्याही लक्षात आली नव्हती. म्हणून २,२०० मैलांचं लक्ष्य धरलं आणि दोन महिन्यांचा हप्ता-विमा बाजूला ठेवूनच सुरुवात करायचं ठरलं.

पैशाचं एवढ्यात मिटलं. खरी अडचण झोपेची होती आणि ती त्यांनी विचारलीच नव्हती.

एकटा चालक सकाळी सातला उठतो, ट्रक स्टॉपवर लोडची वाट बघतो. लॉगमध्ये, म्हणजे कामाच्या तासांच्या नोंदीत, तो सुट्टीवर असतो, म्हणून १४ तासांचं घड्याळ सुरूच होत नाही. चारला लोड येतो, सहाला माल भरतो, पहाटे पाचला पोचवायचा असतो. कागदावर हा माणूस ताजातवाना, ११ तास शिल्लक. शरीराला मात्र निघतानाच ११ तास जाग झालेली असते आणि पहाटे तीनला वीस. जोडीत असं होत नव्हतं, कारण कोणीतरी नुकतंच झोपून उठलेलं असायचं. म्हणून त्यांना एकच सवय लावून घ्यायला सांगितली: सकाळचा लोड आला नाही, तर दुपारी एक ते चार अंथरुणावर, पडदे ओढून, झोप येवो न येवो. आणि झोप झाली नसेल, तर रात्रीच्या लोडला नकार. लोड देणाऱ्या काही कंपन्या नकारांची नोंद ठेवतात हे खरं आहे. डिस्पॅचला (कंपनीत लोड वाटणाऱ्यांना) "थकवा" असं स्पष्ट कारण द्यावं. थकलेल्या चालकाने गाडी चालवू नये, असा नियमच आहे.

दुसरं, पार्किंग. जोडीची गाडी डिझेलपुरती थांबते, त्यामुळे सात वर्षांत रात्रभराची जागा शोधायची वेळ त्यांच्यावर क्वचितच आली होती. एकट्याला दहा तासांची जागा रोज लागते आणि गर्दीच्या महामार्गांवर ट्रक स्टॉप संध्याकाळी सात-आठपर्यंत भरतात. लोड स्वीकारण्याआधीच थांबायची जागा ठरवायची, शिवाय एक राखीव. चारपाचला थांबता आलं तर उत्तम. रात्री चालवलं तर सकाळी जागा मोकळ्या होतात.

हे ऐकताना बाई गप्प होत्या. मग म्हणाल्या, "ताई, मग माझं काय काम उरलं?"

काम उरलं होतं, आणि मोठं. लोडचा प्रस्ताव आला की उत्तराला काही मिनिटंच मिळतात, आणि चालवताना हातात फोन धरायला बंदी आहे. आजवर संदेश वाचणं, अंतर काढणं, हवामान बघणं सगळं त्याच करत होत्या. तेच आता घरून करायचं. प्रस्ताव त्यांच्याही फोनवर येईल अशी सोय कंपनीकडे मागायची, त्यांनी वहीतले आकडे बघून हो-नाही सुचवायचं, नवऱ्याने हँड्सफ्रीवर ऐकायचं आणि शेवटचा शब्द त्याचा. कंपनीला सांगून गाडीची नोंद टीमची (जोडीची) सोलो (एकट्याची) करायची. लॉगच्या यंत्रातलं सहचालकाचं खातं आणि विम्यातलं नाव यांचाही त्याच दिवशी निकाल लावायचा, नाहीतर पुढे घोळ होतो.

पहिले दोन आठवडे ४५० मैलांच्या वरचा लोड घ्यायचा नाही, असं ठरलं. पहिल्या आठवड्यात १,४०० मैल झाले, सहाव्यात २,१५०. झोप मात्र उशिराने जमली. सात वर्षं हलत्या गाडीत झोपलेल्या माणसाला उभ्या गाडीतली शांतता सोसेना. छोटा पंखा रात्रभर चालू ठेवला तेव्हा डोळा लागला.

गुडघा बरा झाल्यावर बाईंना आठवडाभर नुसतं सोबत जायचं होतं. चालक नसलेल्या माणसाला ट्रकमध्ये बसवायला कंपनीची लेखी परवानगी लागते. ती मागवून घ्या म्हणून सांगितलं, तर पत्र आधीच आलेलं होतं. बाईंनी ते वहीच्या पहिल्या पानाला टाचणी लावून ठेवलं होतं.