गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत सुतारकाम करतो, मे महिन्यात थांबवत नाही. एसी घेऊ का?

घेऊ नका. निदान पत्र्याचं काही केल्याशिवाय तरी नाही.

अकोल्यातली गच्ची, 10 बाय 15 ची पत्र्याची खोली, आत सुतारकाम, कूलर लावूनही दुपारी भट्टी, म्हणून दीड टनाचा एसी घ्यायचा विचार, असं तुम्ही लिहिलंय. मी याच शहरात, जवळपास एवढ्याच खोलीत, गेली अकरा वर्षं नोकरी सांभाळून रंधा मारतो. पहिले दोन उन्हाळे माझंही लक्ष फक्त हवेकडे होतं.

हिशेब बघा. भर दुपारी एका चौरस मीटरवर जवळपास 1000 वॅट ऊन पडतं. तुमचं छत 14 चौरस मीटरचं. म्हणजे डोक्यावर दोन हजार वॅटचे सात गीझर एकदम चालू. ते सगळं आत उतरत नाही, पण दीड टनाचा एसी साधारण 5200 वॅट उष्णता बाहेर टाकतो, तीही बाहेर 35 अंश धरून. आपल्याकडे 35 तर सकाळी दहालाच होतात. शिवाय एसी गार करणार हवा, पत्रा नाही. दुपारी दोनला कूलरच्या झोतात उभे राहा आणि तळहात छताकडे करा. हाताची मागची बाजू गार लागेल आणि तळव्याला तव्यावर धरल्यासारखी धग. तुम्हाला बेजार करते ती ही धग.

म्हणून आधी पत्रा. मी सुरुवातीला चुन्यात फेविकॉल घालून मारला, स्वस्तात काम म्हणून. गुळगुळीत पत्र्यावर तो धरलाच नाही. पहिल्याच अवकाळी पावसात निम्मा चुना पन्हाळीतून खाली, शेजाऱ्यांच्या तुळशीवर. नंतर पत्रा घासूनपुसून ऊन परतवणाऱ्या पांढऱ्या रंगाचे दोन हात दिले, सकाळी सहाला, पत्रा गार असताना. त्यावर एक-सव्वा फूट अंतर सोडून हिरवी शेडनेट ताणली. हे अंतर महत्त्वाचं. नेट पत्र्याला चिकटवून टाकली तर नेटची उष्णता थेट पत्र्यात उतरते. मध्ये वारा खेळायला हवा.

आमच्या आजोळी गोठ्याच्या टिनांवर तुराट्या-पऱ्हाट्यांचा थर टाकत, तेही याच कारणासाठी. पण तुमच्याकडे ग्राइंडर असेल तर वाळक्या तुराट्यांच्या नादी लागू नका.

फरक मोजायला एका ओळखीच्या इलेक्ट्रिशियनकडून बंदुकीसारखं थर्मामीटर आणलं. चकचकीत पत्र्यावर ते खोटं बोलतं, म्हणून आतून काळी चिकटपट्टी लावून तिच्यावर रोखलं. आधी दुपारी अडीचला 67 अंश होतं. रंग आणि नेटनंतर, तशाच कडक दिवशी, 48. खोली थंड झाली असं म्हणणार नाही, पण डोक्यावरची आच गेली.

नेट मात्र नीट बांधा. मी पहिल्या वर्षी सुतळीने बांधली होती. मे अखेरीस संध्याकाळी वावधान सुटलं आणि नेट तिसऱ्या घराच्या टाकीला जाऊन गुंडाळली. आता अँगलची चौकट आहे, जीआय तारेने आवळलेली, आणि मृगाच्या आधी नेट उतरवून ठेवतो.

आतून थर्माकोल लावायचा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईलच. ठिणगी उडते तिथे, लाकडाच्या भुशात, थर्माकोल नको म्हणजे नको. खर्च करायचाच असेल तर जिप्समचं सीलिंग करा आणि वरची पोकळी दोन्ही टोकांना जाळी लावून उघडी ठेवा.

आता कूलर. माझा अंदाज, तुमचा कूलर खोलीच्या आत ठेवलाय. तसं असेल तर तो तीच ओली हवा फिरवतोय. अर्ध्या तासात चिकचिक सुरू होते आणि ताट्यांमध्ये, म्हणजे कूलरच्या ओल्या गवताच्या जाळ्यांमध्ये, भुसा अडकतो तो वेगळाच. कूलर खिडकीबाहेर, सावलीत हवा, म्हणजे तो बाहेरची कोरडी हवा ओढेल. समोरच्या भिंतीला छताजवळ बारा इंची एक्झॉस्ट लावा, नाहीतर निदान तिकडची खिडकी उघडी ठेवा. गार हवा बाहेर जाईल म्हणून लोक दारंखिडक्या बंद करून बसतात, तिथेच घोळ होतो. कूलरची हवा गेलीच पाहिजे, तरच नवी येईल.

आपल्याकडे कूलर चालतो तो कोरड्या हवेमुळे. बाहेर 44 अंश आणि आर्द्रता 15 टक्के असेल, तर ओल्या ताटीतून हवा फार तर 23-24 पर्यंत उतरू शकते. चांगल्या कूलरमधून 28-29 ची बाहेर पडते. (मुंबई-कोकणातल्या कोणी हे वाचत असेल तर त्यांनी कूलरवर पैसे घालू नयेत. तिथे पंखा, एक्झॉस्ट आणि सावली.) एक लिटर पाणी वाफ होताना विजेच्या पाऊण युनिटाच्या जरा आत इतकी उष्णता ओढतं, म्हणजे पाणी भरपूर लागणार. आमच्याकडे नळ चार-पाच दिवसांआड येतो, त्यामुळे मी छतावर पाणी शिंपडायचं सोडून दिलं. आहे ते पाणी कूलरला. ताट्या दर वर्षी नव्या घाला. आपल्या बोअरच्या पाण्याने त्यांच्यावर क्षाराचा पांढरा थर बसतो आणि हवा अडते.

एक गोष्ट गमतीत घेऊ नका. लोखंडी कूलरचा शॉक लागून माणसं जातात, दर उन्हाळ्यात पेपरात बातमी असते. तीन पिनांचा प्लग, खरं अर्थिंग आणि 30 मिलिअँपिअरचं आरसीसीबी, म्हणजे करंट गळाला की वीज तोडणारा स्विच. पाणी भरताना प्लग काढायचा. बटण बंद करून भागत नाही.

कूलरचा झोत थेट टेबलावर घेऊ नका. मी सागाची फळी रात्रभर झोतासमोर ठेवली होती, सकाळी ती वाटीसारखी वाकलेली. ओतीव लोखंडाच्या टेबलावर गंजाचे ठिपके येतात ते निराळे. उन्हाळ्यात फेविकॉलही लवकर सुकतो, म्हणून जोड आधी कोरडा बसवून बघतो आणि मगच गोंद. थिनर आणि पॉलिश मी मे महिन्यात खोलीत ठेवतच नाही, वाफ फार धरते.

मशीनच्या मोटरवरची पाटीही वाचा. बहुतेकांवर बाहेरचं तापमान 40 अंश धरलेलं असतं. 45 मध्ये तोच लोड दिला की मोटर हात लावू देत नाही. जाड लाकूड दुपारी फाडू नका, आणि ड्रिलच्या बॅटऱ्या चार्जिंगला खाली घरात न्या.

माझं एप्रिल-मेचं काम पहाटे साडेपाच ते साडेनऊ. कापाकापी, रंधा, सगळं त्यात. आवाजाबद्दल शेजारी पहिल्या वर्षी बोलले, मग त्यांच्या दिवाणाचा पाय बसवून दिला. दुपारी फार तर मोजमाप, घासकाम, तेही नवतप्यात, म्हणजे मे अखेरीच्या नऊ कडक दिवसांत, बंद. पाण्याची बाटली समोर ठेवून काही होत नाही, ती रिकामी होते का ते बघा. घाम येणं थांबलं, बोलणं बरळल्यासारखं झालं तर सावलीत आणून अंगावर पाणी ओता आणि 108 लावा.

तुमच्या खोलीची पश्चिमेची भिंत कशाची आहे ते लिहिलं नाहीत. तीही पत्र्याची असेल तर चार वाजल्यानंतर सगळं ऊन तिच्यावर येणार, आणि छताला केलंत ते तिलाही करावं लागेल. शक्य झालं तर फोटो टाका, खिडकी कुठे आहे ते दिसेल असा.