ओल्या भंगाराची तक्रार आणि पाठोपाठ आलेली रात्रपाळी

प्रश्न : शिरोली एमआयडीसीतील एका फौंड्रीत (धातू वितळवून ओतकाम करणाऱ्या कारखान्यात) मी भट्टीवर कायम कामगार आहे. पावसाळ्यात उघड्यावर भिजलेले भंगार तसेच भट्टीत टाकतात. हे धोक्याचे आहे, असे मी सुपरवायझरना दोनदा सांगितले. त्यानंतर आठवड्याभरात मला फेटलिंगला (ओतीव भाग घासून साफ करण्याच्या कामाला), तेही सलग रात्रपाळीत टाकले आणि ‘जमत नसेल तर राजीनामा द्या’ असे सुनावले. मी काय करावे?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आपली तक्रार पूर्णपणे रास्त आहे. भंगारातले पाणी वितळलेल्या धातूच्या रसाखाली सापडले, की क्षणात त्याची सुमारे सतराशे पट जागा मागणारी वाफ होते आणि रस भट्टीबाहेर उसळतो. जवळ उभ्या माणसाला मागे सरकायलाही वेळ मिळत नाही.

भोपाळच्या दुर्घटनेनंतर, १९८७ साली कारखाने अधिनियमात झालेल्या दुरुस्तीने अपुऱ्या सुरक्षिततेबद्दल थेट निरीक्षकाकडे दाद मागण्याचा हक्क कामगाराला दिला आणि तक्रारदाराचे नाव गुप्त ठेवण्याचे बंधन निरीक्षकावर घातले. त्या अधिनियमाच्या जागी नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेच्या कलम १४ नुसार, जिवावर बेतणारा धोका मालकाला व निरीक्षकाला एकाच वेळी कळवता येतो.

खरी अडचण पुराव्याची आहे, कारण तोंडी सांगितलेले उद्या कोणीही नाकारेल. म्हणून कोणत्या तारखेला, कोणत्या पाळीत, कोणाला सांगितले आणि बदलीचा आदेश कधी मिळाला, हे सर्व लिहून व्यवस्थापनाला अर्ज द्यावा, पोच घ्यावी. पोच नाकारल्यास तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवावा. एक प्रत निरीक्षकांच्या खात्याच्या, म्हणजे औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या कोल्हापूर कार्यालयात द्यावी. तक्रार आणि बदली यांतले थोडक्या दिवसांचे अंतर हाच आपला सर्वांत बोलका पुरावा आहे.

आकसाने केलेली बदली ही महाराष्ट्राच्या १९७१ च्या कामगार संघटना मान्यता व अनुचित कामगार प्रथा प्रतिबंध कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत अनुचित कामगार प्रथा मानली आहे. तिची तक्रार ९० दिवसांत करावी लागते, तेव्हा युनियनला किंवा कामगार कायद्याच्या वकिलांना आताच भेटावे.

तोवर रात्रपाळी टाळू नये. विनापरवाना गैरहजेरीचे निमित्त मिळाले, तर मूळ प्रश्न बाजूला पडेल. राजीनाम्यावर किंवा कोऱ्या कागदावर मात्र कोणीही सांगितले तरी सही करू नये.