रेडिओहेड या ब्रिटिश रॉक बँडचे ‘क्रीप’ हे गाणे कसे घडले आणि ते आजही का टिकून आहे?

बँडचा गायक थॉम यॉर्क याने एक्सेटर विद्यापीठात शिकत असताना लिहिलेले हे गाणे १९९२ मध्ये प्रकाशित झाले. बँडचा गिटारवादक जॉनी ग्रीनवुड याला त्याची संथ, हळुवार चाल रुचत नव्हती, म्हणून त्याने ध्रुवपदाच्या अगदी उंबरठ्यावर गिटारच्या तारांवर जोरकस आघात केले. माझ्या मते गाण्याचा प्राण त्या कर्कश खरखरीतच आहे, कारण मनात दाबून ठेवलेला न्यूनगंड शब्दांआधी तिथेच फुटतो. ब्रिटनमध्ये सुरुवातीला दुर्लक्षित राहिलेले हे गाणे इस्राएलच्या रेडिओवर गाजले आणि १९९३ मध्ये पुन्हा प्रकाशित झाल्यावर ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत सातव्या क्रमांकावर पोहोचले. पुढे बेल्जियमच्या स्काला या मुलींच्या गायनवृंदाने ते केवळ पियानोच्या साथीने गायले, आणि तेच रूप २०१० मध्ये ‘द सोशल नेटवर्क’ या चित्रपटाच्या झलकीत वापरले गेले.