पावसात पंक्चर: आधी तार शोधा, मग ट्यूब बदला

पाऊस लागल्यापासून तीन आठवड्यांत तुमच्या सायकलचे चार पंक्चर झाले, त्यातले तीन मागच्या चाकात. रस्त्यात लावलेला पॅच घरी पोचेपर्यंत सुटला. आता टायरच बदलावेत का, असं तुम्ही विचारलंय. टायरचं शेवटी बोलतो. मागच्या चाकावर वजन जास्त असतं, त्यामुळे तिथे पंक्चर जास्त होणारच. पण तीन आठवड्यांत तीन म्हटल्यावर मला पहिली शंका येते ती ही, की पहिलं पंक्चर ज्याने झालं ते अजून टायरमध्येच आहे.

पावसात पंक्चर वाढतात हा भास नाही. जाड रबर सुरीने कापून बघा. पातं कोरडं असेल तर अडकतं, पाणी लावलं की सरकन आत जातं. ओल्या टायरवर काच नेमकं हेच करते. शिवाय पावसाचं पाणी रस्त्यावरच्या काचा, तारा, अणकुचीदार खडी वाहून कडेला आणतं, आणि आपण सायकलवाले त्याच कडेने जातो. त्यात ओल्या टायरला बारीक कच चिकटून राहते. सायकलच्या ७०० मापाच्या चाकाचा घेर साधारण २.१ मीटर असतो, म्हणजे चिकटलेला काचेचा कण एका किलोमीटरमध्ये साडेचारशेहून जास्त वेळा रस्त्यावर ठोकला जातो. कोरड्यात जो कण झटकून पडला असता, तो पावसात हळूहळू आत शिरतो. म्हणून डबक्यातून किंवा कचऱ्यातून गेल्यावर घरी पोचलात की दोन्ही टायरवरून एकदा ओलं फडकं फिरवा. चालू चाकावर हात धरून कच झटकायची काहींना सवय असते, ती मात्र मला अजिबात पटत नाही. मागच्या चाकापाशी बोटं फ्रेममध्ये ओढली जाऊ शकतात.

आता पॅच. पावसात रस्त्यात पॅच लावूच नका. सोल्युशनला कोरडी, घासलेली ट्यूब लागते, आणि लावल्यावर ते चारपाच मिनिटं वाळावं लागतं. हवेत ओल असताना, बाहीवरून पाणी ठिबकत असताना हे जमत नाही. सोल्युशनशिवाय चिकटणारे तयार पॅच तर ओल्यावर आणखी लवकर सुटतात. तुमच्या हाताला दोष नाही, ते काम तिथे होण्यासारखंच नव्हतं. पावसाळ्यात दोन जादा ट्यूब बाळगा. त्या खोक्यातून काढून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळा, म्हणजे भिजणार नाहीत आणि पाना किंवा लिव्हर (टायर उतरवायची पट्टी) घासून ट्यूबला आधीच भोक पडणार नाही. पंक्चर झालेली ट्यूब फेकू नका, घरी नेऊन वाळवा आणि निवांत पॅच लावा.

पण ट्यूब बदलली म्हणजे काम झालं असं नाही. एका रात्री मी दोन्ही ट्यूब वीस मिनिटांत घालवल्या होत्या. बोटं गारठलेली होती. टायरच्या आतून हात फिरवला, काही लागलं नाही, म्हणून नवीन ट्यूब चढवली. दीडेक किलोमीटरवर चाक पुन्हा बसलं. दुसऱ्यांदाही तेच. उरलेलं अंतर सायकल ढकलत आलो. घरी दिव्याखाली टायर उलटा करून वाकवला तेव्हा तार दिसली, पापणीच्या केसाएवढी. मोठ्या गाड्यांच्या टायरमध्ये पोलादी तारांचे थर असतात. ते टायर फुटले की असे तुकडे रस्त्यावर पसरतात. ही तार तिरकी घुसते. टायर मोकळा असताना टोक रबरात दडलेलं असतं, हवा भरून वर वजन आलं की बाहेर येतं. बोटाला ती कशी लागणार?

त्या रात्रीपासून मी एकच क्रम पाळतो. आधी आडोसा शोधायचा, दिवा चालू ठेवायचा, रहदारीपासून लांब जायचं. हेल्मेट उलटं ठेवून सुटे भाग त्यात टाकायचे. मागचं चाक काढण्याआधी चेन सगळ्यात लहान चक्रावर घ्यायची. टायरची एकच बाजू रिमवरून उतरवायची, ट्यूब बाहेर काढायची आणि भोक सापडेपर्यंत पुढे जायचं नाही. पावसाच्या आवाजात फुसफुस ऐकू येत नाही. ट्यूबमध्ये हवा भरून ती ओठाजवळून फिरवा, हवेची बारीक झुळूक ओठाला लगेच कळते. नाहीच कळली तर समोर डबकं असतंच, त्यात बुडवा आणि बुडबुडे बघा.

भोक कुठे आहे त्यावरून कारण कळतं. बाहेरच्या अंगाला एक असेल तर काच, काटा किंवा तार. शेजारी शेजारी दोन, सापाचे दात लागल्यासारखी, असतील तर पाण्याखालच्या खड्ड्यात ट्यूब रिम आणि रस्ता यांच्यात चिमटली. आतल्या अंगाला असेल तर स्पोकची टोकं झाकणारी रिमची पट्टी सरकली किंवा स्पोकचं टोक लागतंय.

भोक बाहेरच्या अंगाला असेल तर ट्यूबचा व्हॉल्व्ह रिमच्या भोकापाशी धरून ट्यूब टायरला लावून बघा. ट्यूब काढताना उलटसुलट होते, म्हणून व्हॉल्व्हच्या दोन्ही बाजूंना तेवढ्याच अंतरावर तपासा. टायर चढवताना त्यावरचं छापील नाव नेहमी व्हॉल्व्हसमोर ठेवलंत तर टायर पूर्ण सुटला तरी हा हिशेब चुकत नाही. त्या जागी टायर उलटा वाकवून चीर उघडा आणि सुती फडकं आतून दोन्ही दिशांनी फिरवा. तिरकी तार एका दिशेने निसटते, दुसऱ्या दिशेने जाताना फडक्याचा धागा ओढते. धागा अडकला की तार सापडली. काचेच्या भीतीने बोट सावकाश फिरवावं लागतं, फडक्याला ती भीती नाही. त्याच फडक्याने आतली वाळू पुसून घ्या. ती राहिली तर ट्यूब आतून घासत राहते.

चढवणं पावसात उलट सोपं जातं, टायरची कड ओली असल्याने सरकते. नवीन ट्यूबमध्ये थोडी हवा भरून ती गोल करा, व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूने सुरुवात करा आणि व्हॉल्व्हपाशी संपवा. शेवटचा भाग घट्ट लागला तर लिव्हर लावू नका. बाकीची कड रिमच्या मधल्या खोलगट भागात दाबत आणा, तेवढी ढील पुरते. मग व्हॉल्व्ह एकदा आत ढकलून बाहेर ओढा, म्हणजे ट्यूब कडेखाली चिमटणार नाही. पंपाऐवजी कार्बन डायऑक्साइडचं काडतूस (दाबाने वायू भरलेली छोटी नळी) वापरत असाल तर ओल्या उघड्या हाताने धरू नका, ते बर्फासारखं गार पडतं. तो वायू ट्यूबमधून हवेपेक्षा लवकर झिरपतो, तेव्हा दुसऱ्या दिवशी पंपाने हवा भरून घ्या.

पावसात पकड वाढावी म्हणून हवा कमी ठेवा, असं बरेच जण सांगतात. मी अरुंद टायरमध्ये नेहमीपेक्षा पाचेक पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) कमी ठेवतो, त्याहून नाही. खड्डा पाण्याखाली दिसत नाही, आणि हवा कमी असली की ट्यूब चिमटणारच.

टायरचं म्हणाल तर मधला पट्टा सपाट झाला असेल किंवा रबराखालचे धागे दिसत असतील तर बदलाच. जाड संरक्षक थराचे टायर खरोखर काम करतात. श्वाल्बे कंपनीच्या मॅरेथॉन प्लस टायरमध्ये पाच मिलिमीटरचा थर असतो. पण असे टायर जड चालतात, आणि गारठलेल्या हातांनी उतरवणं हे वेगळंच दिव्य आहे. टायर सुस्थितीत असतील तर मी आधी खर्च करणार नाही.

आज रात्री मागचा टायर काढा, पुसून वाळू द्या आणि चांगल्या उजेडात बाहेरून इंच न इंच बघा. प्रत्येक चीर बोटांनी उघडा, काच दिसली तर सुईने काढा. तपकिरी ठिपका दिसला तर तिथेच थांबा, तो तारेचा गंज असतो. चिमट्याने तार ओढून काढा आणि मगच नवीन ट्यूब घाला.