वाचकांचे प्रश्न : मॅग्नेशियमचा थर आणि मुंबईचा पाऊस

प्रश्न : इलेक्ट्रॉन गनच्या फोटोकॅथोडसाठी (प्रकाश पडला की इलेक्ट्रॉन सोडणारा पृष्ठभाग) तांब्याच्या चकतीवर मॅग्नेशियमचा पातळ थर चढवला. निर्वात चेंबरमधून काढून अर्धा तास टेबलावर होता. आता लेसर टाकला तर इलेक्ट्रॉन साध्या तांब्याइतकेच निघतात. थर वाया गेला का?
– एक विद्यार्थी, चेंबूर

उत्तर : थर वाया गेलेला नाही, त्यावर ऑक्साइड चढलंय. जुलैतल्या आपल्या दमट हवेत मॅग्नेशियमची चकाकी पाहता पाहता मंदावते. चकती तिरपी धरून बघा, धुरकट दिसेल.

मॅग्नेशियमची ही खटपट का करायची, तेही सांगतो. २६६ नॅनोमीटरच्या लेसरचा फोटॉन, म्हणजे प्रकाशकण, ४.६६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचा. तांब्यातून इलेक्ट्रॉन सुटायला साधारण ४.६ लागतात, म्हणजे जेमतेम भागतं. मॅग्नेशियमला ३.७ पुरतात. दहा हजार फोटॉनमागे एक इलेक्ट्रॉन मिळत असेल, तर १ नॅनोकुलंब विद्युतभारासाठी लेसरची सुमारे ४७ मायक्रोज्यूल ऊर्जा लागते. हजारामागे एक मिळाला, तर पाचसुद्धा नाहीत. फरक मोठा आहे!

उपाय : चकती निर्वातात ठेवून त्याच लेसरने, कमी ऊर्जेवर, पृष्ठभाग ओळीओळीने झाडून घ्या, म्हणजे ऑक्साइड निघेल. ऊर्जा अगदी हळूहळू वाढवा आणि दर फेरीनंतर विद्युतभार मोजा. घाई केलीत तर थरच उडेल आणि खालचं तांबं उघडं पडेल.

पुढच्या वेळी चेंबर कोरड्या नायट्रोजननेच उघडा. चकतीवर मास्क (मधे भोक असलेलं झाकण) लावून थर फक्त मधोमध चढवा. तीव्र विद्युतक्षेत्रात सुटलेल्या कडा ठिणग्या पाडतात. हातमोजे तर घालायलाच हवेत.